वेगळ्या क्षेत्रातून इक्विटी रिसर्चमध्ये: पहिल्या कंपनीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

इक्विटी रिसर्च म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून त्यांच्या शेअरबद्दल मत देण्याचं काम. अशा टीममध्ये जागा रिकामी झाली की तिथल्या मुख्य ॲनालिस्टला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा माणूस माझी एक्सेल मॉडेलं (कंपनीचे जुने आकडे आणि पुढचे अंदाज मांडलेल्या फाइली) पहिल्या तिमाहीपासून सांभाळेल का? आणि माझ्या सेक्टरबद्दल याला असं काही कळतं का, जे बाकीच्यांना कळत नाही? कॉमर्स किंवा एमबीएच्या वाटेनं आलेला उमेदवार पहिल्या प्रश्नात पास होतो आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा अडतो. औषध कारखान्यात क्वालिटी सांभाळलेला फार्मासिस्ट, सिमेंट प्लांटवरचा इंजिनिअर, बँकेत कर्जप्रकरणं तपासणारा अधिकारी, दुकानांच्या साखळीत खरेदी पाहणारा मॅनेजर यांचं बरोबर उलट असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असतंच, पहिल्याचं शिकून घेता येतं. त्याला नऊ ते बारा महिने लागतात. आठवड्याला बारा-पंधरा तास दिले तर चालू नोकरी सोडावी लागत नाही.

फायनान्सशी संबंध नसलेल्या पदवीनं दार बंद होत नाही. मॅगेलन फंडाचे नामवंत मॅनेजर पीटर लिंच यांनी बॉस्टन कॉलेजात इतिहास, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले होते; इंटरनेट कंपन्यांच्या नामवंत ॲनालिस्ट मेरी मीकर यांची पहिली पदवी मानसशास्त्राची. मात्र दोघांनीही पुढे एमबीए केलं. हिशेब शिकण्याला पर्याय नाही, तो कुठे शिकलात याला मात्र पर्याय आहेत.

काम काय असतं

ब्रोकरेज फर्मची रिसर्च टीम म्हणजे सेल साइड. तिचे अहवाल म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, पेन्शन फंड वाचतात. या फंडांची स्वतःची टीम म्हणजे बाय साइड. तिचे अहवाल बाहेर येत नाहीत आणि टीम लहान असल्यानं नवख्याला शिकवायला कुणाला सवड नसते. म्हणून सुरुवात सेल साइडला करणं सोयीचं.

सेल साइडचा सिनिअर ॲनालिस्ट साधारण पंधरा-वीस कंपन्या कव्हर करतो, म्हणजे त्यांच्यावर नियमित अहवाल लिहितो. त्याच्या हाताखाली एक-दोन असोसिएट असतात, आणि तुम्ही जाणार ते या जागेवर. मॉडेल अपडेट करणं, निकाल लागले त्या रात्री नोट लिहिणं, कंपनीचा कॉन्फरन्स कॉल ऐकून मुद्दे काढणं, फंड मॅनेजरनं मागितलेला डेटा तासाभरात देणं हे असोसिएटचं काम. तिमाही निकालांच्या हंगामात तीन-चार आठवडे असे जातात की एकाच दिवशी तुमच्या दोन-तीन कंपन्यांचे निकाल लागतात. शेअर निवडण्याचा थरार यात फार थोडा आहे. वाचणं, आकडे भरणं, तपासणं आणि लिहिणं भरपूर आहे. ज्याला बाजाराचे चढउतार पाहायला आवडतात पण दोनशे पानांचा वार्षिक अहवाल हातात घ्यायचा कंटाळा येतो, त्यानं हा विचार इथेच थांबवावा.

पायरी १: तुमचाच सेक्टर घ्या

‘मी सगळ्याच सेक्टरवर लक्ष ठेवतो’ असं म्हणणारा उमेदवार लगेच मागे पडतो. तुम्ही ज्या धंद्यात काम केलंत तोच निवडा. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांनी हॉस्पिटलं आणि औषध कंपन्या घ्याव्यात. अमेरिकेत बायोटेकवर लिहिणाऱ्या ॲनालिस्टांमध्ये एमडी आणि पीएचडी झालेले लोक सर्रास सापडतात, कारण क्लिनिकल ट्रायलचा निकाल वाचता येणं ही तिथली गरजच आहे. बोटीवर काम केलेल्यांनी शिपिंग, भूगर्भशास्त्र शिकलेल्यांनी खाणी आणि तेल, सॉफ्टवेअरवाल्यांनी आयटी सेवा. पत्रकार, शिक्षक, वकील यांना असा सरळ सेक्टर नसतो. त्यांनी ग्राहकोपयोगी वस्तू किंवा रिटेल घ्यावं, कारण तिथे दुकानदारांशी बोलून माहिती काढता येते आणि धंदा समजायला तांत्रिक शिक्षण लागत नाही.

सेक्टर ठरला की एका कागदावर एवढंच लिहा: या धंद्यात नफा कशानं वाढतो आणि कशानं घटतो. दहा ओळी पुरेत, पण प्रत्येक ओळीत मोजता येईल अशी गोष्ट हवी. सिमेंटचं उदाहरण घेऊ. क्षमतेचा वापर किती टक्के. एक टन सिमेंटला किती युनिट वीज. भट्टीत कोळसा किती, पेटकोक (तेलशुद्धीकरणातून उरणारं घन इंधन) किती. सिमेंटमध्ये क्लिंकरचं (भट्टीतून निघणाऱ्या मूळ घटकाचं) प्रमाण किती, कारण फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) जास्त मिसळता आली तर खर्च उतरतो. प्लांटपासून गिऱ्हाईक सरासरी किती किलोमीटरवर, कारण वजनाच्या मानानं सिमेंट स्वस्त असतं आणि वाहतूक नफा खाऊन टाकते. हा कागद नवख्या एमबीएला लिहिता येत नाही. तुमचं भांडवल तेच आहे, आणि पुढे मॉडेलची पहिली शीटही याच कागदावरून तयार होते.

इथेच एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. आधीच्या कंपनीत कळलेली, पण बाहेर जाहीर न झालेली माहिती वापरणं हा बहुतेक सगळ्या बाजारांत गुन्हा आहे. मोठी ऑर्डर, रखडलेला प्रोजेक्ट, न सांगितलेला बिघाड, येऊ घातलेला सौदा, यातलं काहीही नाही. गॅलियन हेज फंडाचे राज राजरत्नम यांना २०११ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली ती अशाच आतल्या माहितीवर केलेल्या व्यवहारांसाठी. म्हणून नमुना अहवाल आपल्या आधीच्या कंपनीवर लिहू नका, त्याच धंद्यातली दुसरी कंपनी घ्या. धंदा कसा चालतो हे ज्ञान तुमचं आहे, विशिष्ट कंपनीची गुपितं तुमची नाहीत. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ‘या महिन्यात माल किती गेला’ असं विचारणंही याच रेषेच्या पलीकडे जातं.

पायरी २: हिशेब, पण खऱ्या अहवालातून

दहा-बारा आठवडे यासाठी ठेवा. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लो यांची ओळख कोणत्याही प्राथमिक पुस्तकातून होते, पण पुस्तकातल्या गणितांवर महिने घालवू नका. तिसऱ्या आठवड्यापासून एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीचा वार्षिक अहवाल समोर ठेवा. सुरुवात अध्यक्षांच्या पत्रापासून न करता आधी ऑडिटरचा अहवाल, त्यातल्या ‘की ऑडिट मॅटर्स’ (ऑडिटरला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या बाबी), मग लेखा धोरणं, मग टिपा: विक्री कधी धरली जाते, संबंधित पक्षांशी व्यवहार, संभाव्य देणी, सेगमेंटचे (धंद्याच्या एकेका विभागाचे) आकडे. अध्यक्षांचं पत्र सगळ्यात शेवटी, म्हणजे ते आकड्यांशी पडताळून वाचता येतं.

तीन पत्रकं एकमेकांना कशी बांधलेली आहेत हे समजलं की निम्मी वाट संपते. मुलाखतीतही हाच प्रश्न येतो: घसारा १० नं वाढला तर काय होईल? कर २५ टक्के धरा. करपूर्व नफा १० नं घटतो, कर २.५ नं घटतो, निव्वळ नफा ७.५ नं. कॅश फ्लोमध्ये घसारा परत मिळवायचा, कारण पैसे बाहेर गेलेलेच नाहीत. म्हणजे उणे ७.५ अधिक १०, रोकड २.५ नं वाढली. ताळेबंदात स्थावर मालमत्ता १० नं कमी, रोकड २.५ नं जास्त, एकूण मालमत्ता ७.५ नं कमी. समोरच्या बाजूला भागधारकांचा निधीही ७.५ नं कमी. हे कागद-पेन न घेता, न अडखळता सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग संशय घ्यायला शिका. एका कंपनीची विक्री १,००० कोटी आणि येणी २०० कोटी: येणी वसूल व्हायला ७३ दिवस. पुढच्या वर्षी विक्री १,२०० कोटी, येणी ३०० कोटी: आता ९१ दिवस. विक्री २० टक्के वाढली अशी बातमी येईल, पण येणी ५० टक्के वाढली आहेत. डीलरच्या गोदामात माल ढकलून विक्री दाखवली का, उधारी सैल केली का, की एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे अडवले? तिन्हींचा पुढच्या वर्षाच्या अंदाजावर वेगळा परिणाम होतो. अशी तपासणी साठ्याचे दिवस आणि देण्यांचे दिवस यांचीही करा, पाच वर्षांची.

रोकड खरी आहे का, हेही पाहायचं. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतः कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो असेच नव्हते म्हणून निघाले. मिळालेलं व्याज भागिले सरासरी रोकड हा आकडा बाजारातल्या ठेवींच्या दराच्या जवळपास येतो का ते पाहा, आणि भरपूर रोकड दाखवणारी कंपनी कर्ज का काढते हा प्रश्न विचारा. सत्यमच्या हिशेबात व्याजही खोटं होतं, त्यामुळे पहिली चाचणी एकटी पुरत नाही.

रिटेल किंवा विमान कंपन्या घेणाऱ्यांसाठी आणखी एक: आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं आणि भाडेपट्ट्याचं भाडं घसारा आणि व्याजात विभागलं गेलं. त्यामुळे एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) एका वर्षात फुगला, खिशात मात्र एक पैसाही जास्त आला नाही. जुन्या-नव्या वर्षांची थेट तुलना करून ‘मार्जिन सुधारलं’ असं लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

पायरी ३: मॉडेल

पहिली कंपनी निवडताना बँक, विमा आणि दहा धंदे असलेला समूह टाळा. बँकेतून आलेल्यांनी अर्थात बँकच घ्यावी. एक-दोन धंदे, लिस्ट होऊन किमान पाच वर्षं, तिमाही कॉलचे ट्रान्सक्रिप्ट उपलब्ध, आणि फार तर सात-आठ ॲनालिस्टांचं कव्हरेज. ज्या कंपनीवर चाळीस जण लिहितात तिच्याबद्दल नवीन काही सांगणं कठीण. लहान-मध्यम कंपन्यांकडे लक्ष कमी असतं; युरोपात जानेवारी २०१८ पासून मिफिड २ या बाजार-नियमांनी रिसर्चचे पैसे ब्रोकरेजपासून (शेअर व्यवहारांच्या दलालीपासून) वेगळे करायला लावले, तेव्हा कात्री लागण्याची भीती होती ती याच कंपन्यांच्या कव्हरेजला.

पाच वर्षांचे जुने आकडे स्वतःच्या हातानं अहवालातून भरा. तयार डेटा डाउनलोड केलात तर कोणत्या वर्षी सेगमेंट बदलले, कुठे एकरकमी नफा आला, हे कधीच कळणार नाही. पुढचे अंदाज तीन वर्षांचे. टाइप केलेले आकडे निळ्या रंगात, सूत्रं काळ्या, दुसऱ्या शीटवरून आलेले हिरव्या. हा व्यवसायातला रिवाज आहे आणि तुमची फाइल उघडणारा सर्वांत आधी तेच पाहतो. सूत्राच्या पोटात आकडा लपवू नका. ‘गेल्या वर्षाची विक्री गुणिले १.१२’ असं लिहिलंत तर तो १२ टक्के कुठून आला हे महिन्याभरानं तुम्हालाही आठवणार नाही. वाढीचा दर गृहीतकांच्या शीटवर, शेजारच्या चौकटीत एका ओळीत कारण.

विक्री टक्केवारीनं न वाढवता नग गुणिले भाव अशी बांधा. त्यानं मॉडेल स्वतःच तुमची चूक दाखवतं. प्लांटची क्षमता १ कोटी टन, यंदा ७५ लाख टन माल गेला, तुम्ही दरवर्षी १० टक्के वाढ धरलीत. तिसऱ्या वर्षी आकडा येतो ९९.८ लाख टन. म्हणजे प्लांट ९९.८ टक्के चालतोय, बंद पडणं नाही, दुरुस्ती नाही. सिमेंटची भट्टी अशी चालत नाही. मग नवी क्षमता धरावी लागते, तिचा खर्च, त्यासाठीचं कर्ज, व्याज, घसारा, आणि सुरुवातीचे अर्ध्या क्षमतेचे महिने. टक्केवारीनं केलेल्या मॉडेलमध्ये हे सगळं गायब असतं आणि नफा खूप गोड दिसतो.

ताळेबंद जुळणार नाही, हे धरूनच चाला. फरक किती आहे ते पाहा आणि त्याचा निम्मा आकडा शोधा: फरक ८४ असेल तर मॉडेलमध्ये ४२ कुठे आहे? बेरजेच्या जागी वजाबाकी झाली की फरक बरोबर दुप्पट येतो. ते नसेल तर नेमका ८४ शोधा, एखादी ओळ कॅश फ्लोमध्ये यायची राहिली असेल. लाभांश निधीतून वजा न करणं, खेळत्या भांडवलाच्या बदलाचं चिन्ह उलटं लावणं आणि नवी भांडवली खरेदी मालमत्तेत न मिळवणं, बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. फरक झाकायला ‘इतर’ नावाच्या ओळीत आकडा टाकू नका. नोकरीच्या एक्सेल चाचणीत तपासणारा माणूस तीच ओळ आधी उघडतो.

व्याज सरासरी कर्जावर काढलं तर सूत्र स्वतःभोवती फिरतं: व्याजानं नफा बदलतो, नफ्यानं रोकड, रोकडीनं कर्ज, कर्जानं व्याज. पहिल्या मॉडेलमध्ये व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीवर काढा. थोडी अचूकता जाते, पण फाइल कोलमडत नाही.

व्हॅल्युएशनमध्ये (शेअरची किंमत ठरवताना) नम्र राहा

डीसीएफ (पुढच्या सगळ्या वर्षांच्या रोकडीची आजची किंमत काढणं) करा, पण त्याच्या आकड्याच्या प्रेमात पडू नका. भांडवलाचा खर्च १० टक्के आणि कायमची वाढ ४ टक्के धरली तर टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या काळाची किंमत) शेवटच्या वर्षाच्या कॅश फ्लोच्या १७.३ पट येते. वाढ ५ टक्के केली की २१ पट. एका टक्क्यानं २१ टक्के फरक, आणि एकूण किमतीचा निम्म्याहून मोठा भाग सहसा याच आकड्यातून येतो. म्हणून निष्कर्षासोबत संवेदनशीलतेचा तक्ता, म्हणजे गृहीतकं बदलली तर किंमत किती बदलते तो, द्यायचाच.

पी/ईबद्दल (शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट) मात्र खोलात शिरा, कारण मुलाखतीत ‘ही कंपनी २० पटीला आणि ती १२ पटीला का’ असं हमखास विचारतात. ‘हिची वाढ जास्त आहे’ हे अर्धवट उत्तर. दोन कंपन्या घ्या, दोघींची वाढ ८ टक्के, भागभांडवलाचा अपेक्षित परतावा १२ टक्के. पहिलीचा आरओई (भागधारकांच्या निधीवर मिळणारा नफा) १६ टक्के, तर ८ टक्के वाढायला तिला नफ्यातला निम्मा भाग पुन्हा धंद्यात घालावा लागतो. मालकांच्या हाती उरतो ५० टक्के. न्याय्य पी/ई ०.५० भागिले ०.०४ (१२ टक्के उणे ८ टक्के), म्हणजे १२.५. दुसरीचा आरओई ३२ टक्के, तिला चौथाई भागच पुरतो, ७५ टक्के उरतो, पी/ई १८.७५. वाढ तीच, पट वेगळी. हे ज्याला सुचतं त्याची पदवी कोणती हे मग कुणी विचारत नाही.

पायरी ४: नमुना अहवाल

हा अहवाल म्हणजे तुमचा खरा अर्ज. बायोडेटा त्याच्या मागे येतो. बारा-पंधरा पानं पुरेत, आणि पहिलं पान एवढं नेटकं हवं की तेवढंच वाचून वाचणाऱ्याला मत कळावं: सल्ला, बारा महिन्यांची टार्गेट किंमत, तीन कारणं, अंदाजांचा छोटा तक्ता, तुमचा आकडा बाजाराच्या सरासरी अंदाजापासून कुठे वेगळा आहे, आणि काय घडलं तर तुम्ही चुकीचे ठराल.

यातला ‘आकडा कुठे वेगळा’ हाच सगळ्या अहवालाचा जीव. ‘कंपनी चांगली, व्यवस्थापन अनुभवी, सेक्टरला भवितव्य’ हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते भावात आलेलंही असतं. समजा बाजाराचा पुढच्या वर्षाचा ईपीएस (प्रति शेअर नफा) अंदाज ४० आहे आणि तुमचा ४६. हे ६ कुठून आले? चार वीजखर्चातून, दोन वाहतुकीतून. वीजखर्च कसा? कंपनीनं वार्षिक अहवालात सांगितलंय की भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारा २० मेगावॉटचा वीजसंच सुरू झाला. वर्षाचे ८,७६० तास, ८० टक्के चालला तर सुमारे १४ कोटी युनिट. विकत घेतलेली वीज आणि ही वीज यांच्या दरातला फरक गुणिले १४ कोटी, त्यातून कर वजा, भागिले शेअरची संख्या. बाकीच्या ॲनालिस्टांनी हा संच धरला नाही किंवा अर्धाच धरला, कारण असा संच स्थिरावायला किती महिने लागतात याचा त्यांना अंदाज नाही. तुम्हाला आहे. माहिती जाहीर आहे, ती वाचण्याची नजर तुमची. प्लांटवरून आलेल्या माणसाला टीममध्ये घेण्याचं कारण या एका परिच्छेदात सापडतं.

सोबत बाजारात चौकशी करा. दोन वेगळ्या भागांतल्या आठ-दहा डीलरांना तेच पाच प्रश्न, तारखेसह नोंद. भाव टिकतोय का, सूट वाढली का, उधारी किती दिवसांची, कोणता ब्रँड मागे पडतोय, माल वेळेवर येतो का. एका डीलरच्या बोलण्यावर निष्कर्ष काढू नका. तक्रार करणं हा धंद्याचा भाग आहे.

तांत्रिक क्षेत्रातून आलेल्यांचा नेहमीचा दोष म्हणजे अहवालाची पहिली सहा पानं यंत्र कसं चालतं यावर. वाचणाऱ्याला यंत्र नको, त्या यंत्रानं ईपीएस किती हलतो ते हवं. दुसरा दोष: चांगली कंपनी म्हणजे चांगला शेअर असं धरणं. भाव आधीच पुढची दहा वर्षं जमेस धरून बसला असेल तर ‘विका’ लिहा. सेल साइडवर ‘विका’ कमी दिसतं. २००३ मध्ये अमेरिकेत दहा मोठ्या फर्मनी सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून तडजोड केली. इन्व्हेस्टमेंट बँकिंगची कामं (कंपन्यांना भांडवल उभारून देणं वगैरे) मिळावीत म्हणून रिसर्च गोड केला जातो, असा नियामकांचा आरोप होता. नीट मांडलेला ‘विका’ अहवाल लक्षात राहतो.

अहवाल झाला की थांबू नका. पुढचे दोन-तीन तिमाही निकाल लागले की चोवीस तासांत एक पानाची नोट लिहा: अंदाज काय होता, आलं काय, फरक कशामुळे, मॉडेलमध्ये काय बदललं. चुकलेला अंदाज काढून टाकू नका. तारखांसह रांगेनं ठेवलेल्या तीन नोटा दाखवतात की नोकरीत जे करायचं ते तुम्ही आधीपासूनच करत आहात.

परीक्षा आणि परवाने

सीएफए ही गुंतवणूक विश्लेषणाची तीन लेव्हलची परीक्षा उपयोगी आहे, दार उघडण्याची हमी नाही. पहिल्या लेव्हलला १८० प्रश्न, साडेचार तास. प्रत्येक लेव्हलला सुमारे तीनशे तास अभ्यास लागतो असं सीएफए इन्स्टिट्यूटच सांगते, आणि चार्टर मिळायला किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. वेगळ्या क्षेत्रातून येणाऱ्यानं पहिली लेव्हल द्यावी, कारण तुम्ही गंभीर आहात हे त्यातून एका ओळीत कळतं. तिन्ही लेव्हल झाल्यावर अर्ज करू असं ठरवलंत तर वर्षं जातील आणि हातात अहवाल एकही नसेल.

परवान्याचे नियम देशागणिक वेगळे. भारतात सेबीचे (शेअर बाजाराच्या नियामकाचे) रिसर्च ॲनालिस्टसाठीचे नियम २०१४ चे आहेत आणि एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज १५ परीक्षा कुणीही स्वतः देऊ शकतो. अमेरिकेत फिन्रा या ब्रोकर कंपन्यांवरच्या नियामक संस्थेच्या सिरीज ८६ आणि ८७ या परीक्षा नोकरी देणाऱ्या फर्मनं पुरस्कृत केल्याशिवाय देता येत नाहीत. नमुना अहवाल जाहीरपणे पसरवण्याआधी तिथला नियम वाचा. नोंदणी नसताना लोकांना खरेदी-विक्रीचे सल्ले देणं महागात पडू शकतं. पंधरा-वीस निवडक लोकांना, ‘नोकरीसाठीचा नमुना’ असं वर लिहून पाठवणं बरं.

पायरी ५: मेल

अर्ज एचआरच्या पोर्टलवर टाकलात तर पदवीच्या चाळणीत अडकेल. त्या सेक्टरच्या सिनिअर ॲनालिस्टला थेट लिहा. नाव आणि मेल आयडी त्यांच्या अहवालावर छापलेला असतो. निकालांचा हंगाम संपून दोन आठवडे झाले की पाठवा, ऐन हंगामात कुणी उघडत नाही. बोनस हाती पडल्यावर लोक नोकऱ्या बदलतात, तेव्हाही जागा निघतात. मेल दीडशे शब्दांच्या आत. साधारण असा:

‘नमस्कार. मी नऊ वर्षं सिमेंट प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे. आपण कव्हर करता त्या अमुक कंपनीचं मॉडेल मी तयार केलं आहे. पुढच्या वर्षाचा माझा ईपीएस ४६ आहे, बाजाराचा ४०. मुख्य फरक वीजखर्चाचा: नवा संच पूर्ण वर्ष चालेल असं मी धरलं आहे, कारणं पान ३ वर. गेल्या दोन तिमाहींच्या नोटाही जोडल्या आहेत, त्यातली पहिली माझ्या अंदाजाच्या विरुद्ध गेली. माझी माहिती फक्त जाहीर स्रोतांतली आहे. मॉडेलमध्ये कुठे चुकतो आहे हे आपण वीस मिनिटं फोनवर सांगू शकाल का?’

एक पानाचा सारांश आणि एक्सेल फाइल जोडा. नोकरी मागू नका, चूक विचारा; ॲनालिस्टला दुसऱ्याच्या मॉडेलमधली चूक दाखवायला आवडतं, आणि फोनवर पंधराव्या मिनिटाला टीमबद्दल विचारणं सहज जमतं. बहुतेक मेलना उत्तर येत नाही. दहा दिवसांनी एकदा आठवण, त्यानंतर पुढच्या निकालाची नोट पाठवायची, तिसरी आठवण नाही.

थेट दार उघडलं नाही तर बाजूची दारं आहेत. क्रेडिट रेटिंग संस्थेत ताळेबंद वाचण्याची पक्की सवय लागते. लिस्टेड कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्समध्ये (गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्या विभागात) ॲनालिस्ट काय विचारतात ते रोज ऐकायला मिळतं. बँकांसाठी मागे राहून काम करणारी रिसर्च सपोर्ट केंद्रं आहेत; तिथे जाण्याआधी विचारा की पूर्ण मॉडेल आणि लेखन हाती येईल का, की नुसते आकडे भरायचे. दीड वर्षानंतरही आकडेच भरत असाल तर बाहेर पडा.

मुलाखत आणि चाचणी

एक शेअर घ्यायचा आणि एक विकायचा, असे दोन पिच तयार ठेवा, प्रत्येकी दोन मिनिटं. पहिल्या वाक्यात सल्ला आणि किती टक्के वाव, मग बाजार काय धरतोय, तुम्ही काय वेगळं धरता, ते कधी सिद्ध होईल, आणि धोका. प्रश्नकर्ता मुद्दाम विरोध करेल. नवी वस्तुस्थिती समोर आली तर मत बदला, आवाज चढला म्हणून नको.

एक्सेल चाचणी दोन ते चार तासांची. त्यात नवख्यांची गाडी एकाच जागी अडते: मॉडेल सजवत बसतात आणि निष्कर्ष लिहायला वेळ उरत नाही. सुरुवातीची वीस मिनिटं नुसती वाचा, शेवटचा अर्धा तास लेखनासाठी राखा, मधल्या वेळात विक्री आणि मार्जिन नीट बांधा. खेळतं भांडवल ढोबळ धरलं तरी चालतं, फक्त तसं लिहून ठेवा.

‘एवढी वर्षं तिथे घालवून इकडे का’ हा प्रश्न येणारच. बाजाराच्या आवडीबद्दल लांब बोलू नका. आधीच्या कामात कोणता प्रश्न तुम्हाला कंपनीच्या आकड्यांपर्यंत घेऊन गेला, ते दोन वाक्यांत सांगा आणि अहवालाकडे वळा. हुद्दा खाली येईल, पगार बहुधा उतरेल, आणि वरिष्ठ वयानं लहान असेल. हे मान्य आहे का असं ते वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतील. घरखर्चाची सहा महिन्यांची तजवीज आधी केलेली असली की उत्तर देताना आवाज कापत नाही.

ऑफर आली की सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: कोणत्या ॲनालिस्टच्या हाताखाली, पहिल्या वर्षात किती कंपन्यांची मॉडेलं तुमच्या ताब्यात येतील, आणि अहवालावर तुमचं नाव कधीपासून छापलं जाईल. तुमच्या आणि कुटुंबाच्या नावावरचे सगळे शेअर रुजू होतानाच कम्प्लायन्सला (नियमपालन पाहणाऱ्या विभागाला) लेखी कळवा, आधीच्या कंपनीचे शेअर किंवा स्टॉक ऑप्शन असतील तर तेही. त्या कंपनीवर किती काळ लिहायचं नाही, हेही त्याच दिवशी लेखी घ्या.